१७२९ : चाचणीला चकवणारी संख्या

१७२९ ही संख्या गणिताशी फारसा संबंध नसलेल्यांनाही ठाऊक असते, ती श्रीनिवास रामानुजन यांच्या टॅक्सीच्या गोष्टीमुळे. २२ डिसेंबरला, राष्ट्रीय गणित दिनाच्या भाषणांत ती हमखास भेटते. पण या संख्येचा आणखी एक गुण आहे आणि तो भाषणांत सहसा येत नाही. मूळ संख्या ओळखण्यासाठी गणितात एक जुनी, सोपी आणि बहुतेक वेळा बरोबर उत्तर देणारी चाचणी आहे. त्या चाचणीत १७२९ खोटी पास होते. पुन्हा चाचणी केली तर पुन्हा पास होते. हातात लॅबचा रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रुग्णाला आणि तो रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरला टॅक्सीच्या गोष्टीपेक्षा हा दुसरा गुण जास्त उपयोगी पडणारा आहे.

खाटेशेजारची संख्या

गोष्ट थोडक्यात अशी. रामानुजन १९१४ मध्ये केंब्रिजला गेले आणि १९१७ मध्ये गंभीर आजारी पडले. इंग्लंडमधला पुढचा बराचसा काळ एका आरोग्यधामातून दुसऱ्या शुश्रूषागृहात जाण्यात गेला. लंडनच्या पटनी भागात ते दाखल असताना प्राध्यापक जी. एच. हार्डी त्यांना भेटायला टॅक्सीने गेले. टॅक्सीचा क्रमांक १७२९ होता. हा आकडा जरा नीरसच वाटतो, असे हार्डी म्हणाले. त्यावर खाटेवरून रामानुजन यांनी सांगितले, की आकडा मुळीच नीरस नाही. दोन घनांची बेरीज म्हणून दोन वेगवेगळ्या प्रकारे मांडता येणारी ती सर्वांत लहान संख्या आहे. १ चा घन आणि १२ चा घन मिळून, म्हणजे १ अधिक १७२८, बेरीज १७२९. तसेच ९ चा घन ७२९ आणि १० चा घन १०००, त्यांचीही बेरीज १७२९.

ही गोष्ट सांगताना विजेसारख्या चमकलेल्या प्रतिभेवर भर दिला जातो. प्रत्यक्षात ही संख्या रामानुजन यांच्या जुन्या ओळखीची होती. भारतात असताना लिहिलेल्या त्यांच्या वहीत ती आहे. एका विशिष्ट प्रश्नाच्या मागे लागून ते तिच्यापर्यंत पोहोचले होते. दोन घनांची बेरीज तिसऱ्या घनाएवढी कधीच होत नाही, असे फर्माचे विधान सांगते. मग ती बेरीज घनाच्या किती जवळ जाऊ शकते? ९ आणि १० यांच्या घनांची बेरीज १२ च्या घनापेक्षा फक्त १ ने जास्त आहे. रामानुजन यांच्या कागदांत अशी आणखी उदाहरणे आहेत: १३५ आणि १३८ यांच्या घनांची बेरीज १७२ च्या घनापेक्षा १ ने कमी भरते. म्हणजे पटनीच्या त्या खोलीत उत्तर झटक्यात आले, कारण त्यामागे काही वर्षांची मेहनत होती. अनुभवी डॉक्टर रुग्णाकडे पाहताच निदान करतो, तेव्हाही बहुधा असेच झालेले असते.

१७२९ चे इतर गुणही कमी नाहीत. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ ने तिला पूर्ण भाग जातो. भागाकार येतो ९१, म्हणजे १९ उलटे लिहिल्यावर मिळणारी संख्या. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद संख्या’ हे नाव देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिले. पण ही झाली गंमत. खरा धडा पुढे आहे.

ओळख पटवण्याची सोपी युक्ती

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः यांशिवाय कशानेही भाग जात नाही, ती मूळ संख्या. ७, १३, १९ या मूळ संख्या आहेत. लहान संख्या असेल तर भाग देऊन पाहता येते. संख्या शंभर-दोनशे अंकी असेल, तर एकेक भाजक तपासत बसायला आयुष्य पुरणार नाही. आणि अशा अवाढव्य मूळ संख्यांची गरज आज रोज पडते; इंटरनेटवरचे आर्थिक व्यवहार गुप्त राखणाऱ्या कुलपांच्या अनेक किल्ल्या अशा संख्यांतून घडतात.

यासाठी उपयोगी पडणारी गोष्ट पिएर द फर्मा यांनी १६४० मध्येच सांगून ठेवली होती. एखादी मूळ संख्या घ्या, समजा ७. तिच्याहून एकने लहान घातांक घ्या, म्हणजे ६. आता २ चा सहावा घात ६४. ६४ ला ७ ने भागले, की बाकी १ उरते. २ च्या जागी ३, ४, ५, ६ काहीही घेतले तरी बाकी १ च उरते. प्रत्येक मूळ संख्येच्या बाबतीत हे घडते. याउलट ९ ही संयुक्त संख्या घ्या. २ चा आठवा घात २५६. त्याला ९ ने भागल्यावर बाकी ४. म्हणजे ९ मूळ नाही, हे भाजक न शोधताच कळले.

ही झाली चाचणी. बाकी १ आली नाही, तर संख्या संयुक्त आहे हे नक्की. बाकी १ आली, तर ती ‘बहुधा’ मूळ आहे. या ‘बहुधा’ शब्दातच सगळी मेख आहे. उदाहरणार्थ ३४१ ही संख्या ११ गुणिले ३१ आहे, म्हणजे मूळ नाही. तरी २ घेऊन चाचणी केली तर बाकी १ येते. चाचणी फसली. मात्र २ ऐवजी ३ घेऊन तीच चाचणी केली, की बाकी ५६ येते आणि सोंग उघडे पडते. यावरून कोणालाही वाटेल, की शंका आली तर चाचणी पुन्हा करावी. एकदा फसेल, दोनदा फसेल, दहा वेळा थोडीच फसणार आहे?

दहा वेळा फसते

१७२९ या समजुतीला सुरुंग लावते. ही संख्या मूळ नाही; ती ७, १३ आणि १९ यांचा गुणाकार आहे. पण २ घ्या, ३ घ्या, ५ घ्या, १० घ्या, १०० घ्या. त्यांचा १७२८ वा घात घेऊन १७२९ ने भागा, दर वेळी बाकी १. फक्त ७, १३ किंवा १९ च्या पटीतली संख्या निवडली तरच चाचणी तिला पकडते. १ ते १७२८ पर्यंतच्या संख्यांपैकी १२९६ संख्या फसतात, म्हणजे बरोबर तीन चतुर्थांश. आणि ज्यांचे मूळ अवयवच प्रचंड मोठे आहेत अशा याच जातीच्या संख्यांमध्ये पकडणारा आकडा योगायोगाने हाती लागण्याची शक्यता जवळजवळ शून्य होते.

असे का घडते? कारण १७२९ च्या घडणीत आहे. तिचे तीन मूळ अवयव ७, १३, १९. त्यांच्याहून एकने लहान संख्या ६, १२, १८. या तिन्हींनी १७२८ ला पूर्ण भाग जातो. ७ च्या दृष्टीने दर सहाव्या घाताला बाकी १ येते, १३ च्या दृष्टीने दर बाराव्या घाताला, १९ च्या दृष्टीने दर अठराव्या. १७२८ वा घात येईपर्यंत तिन्ही चाके एकाच वेळी मूळ जागी येऊन थांबलेली असतात. चाचणी नेमकी त्याच क्षणी पाहते आणि तिला सगळे ठीक दिसते. चूक योगायोगाची नाही. ती त्या संख्येच्या अंगातच आहे. म्हणून चाचणी कितीही वेळा केली तरी तीच चूक पुन्हा होते.

अशा संख्यांना अमेरिकी गणितज्ञ रॉबर्ट कारमायकेल यांचे नाव मिळाले आहे. त्यांनी १९१० मध्ये यातल्या सर्वांत लहान संख्येकडे, ५६१ कडे, लक्ष वेधले. त्याआधी १८८५ मध्ये वात्स्लाव शिमेर्का या चेक गणितज्ञाने पहिल्या सात संख्या शोधल्या होत्या, पण ते काम फारसे कोणाच्या लक्षात आले नाही. ५६१, ११०५ आणि मग १७२९, असा तिचा क्रम तिसरा. अशा संख्या अगणित आहेत, हे आल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पोमरन्स यांनी १९९४ मध्ये सिद्ध केले. म्हणजे ‘असे अपवाद दोन-चारच असतील’ असे म्हणून सुटका करून घेण्याची सोयही राहिली नाही.

वेगळ्या नजरेची चाचणी

मग मार्ग काय? गॅरी मिलर यांनी १९७० च्या दशकात आणि मायकेल रेबिन यांनी १९८० मध्ये जी चाचणी दिली, तिचे मर्म कोणत्याही डॉक्टरला लगेच पटावे असे आहे. पहिली चाचणी फक्त शेवटचे उत्तर पाहते. दुसरी चाचणी त्या उत्तरापर्यंत कसे पोहोचलो, ते मधले टप्पे पाहते.

१७२९ वरच हे पाहता येते. १७२८ ची निमपट करत गेले तर ८६४, ४३२, २१६, १०८, ५४ आणि शेवटी २७ येतात. आता उलट दिशेने यायचे. २ चा २७ वा घात १७२९ ने भागला तर बाकी ६४५. तिचा वर्ग केला की ५४ वा घात होतो आणि बाकी १०६५. पुन्हा वर्ग केला की १०८ वा घात आणि बाकी १. पुढे शेवटपर्यंत १ च. शेवटचा आकडा पाहिला तर सगळे स्वच्छ आहे. पण मध्ये १०६५ आहे आणि तिथेच चोरी पकडली जाते.

मूळ संख्येच्या बाबतीत नियम असा, की ज्याच्या वर्गाची बाकी १ येते अशा बाक्या दोनच असू शकतात: १ किंवा त्या संख्येहून एकने लहान, म्हणजे इथे १७२८. १०६५ या दोन्हींपैकी नाही. म्हणजे १७२९ मूळ असूच शकत नाही. एवढेच नाही, १०६५ च्या एक मागे १०६४ आणि एक पुढे १०६६. या दोघांच्या गुणाकाराला १७२९ ने पूर्ण भाग जातो. १०६४ म्हणजे ८ गुणिले १३३ आणि १०६६ म्हणजे ८२ गुणिले १३. आणि १३३ गुणिले १३ बरोबर १७२९. ज्या संख्येने शेवटच्या उत्तरात काहीच सुगावा लागू दिला नव्हता, तिने मधल्या टप्प्यात आपले अवयवच उघड केले.

यात लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे दुसऱ्या चाचणीला वेगळे यंत्र लागत नाही. गुणाकार तेच असतात, फक्त मधले आकडे फेकून न देता वाचायचे असतात. आणि या चाचणीपुढे कोणतीच विषम संयुक्त संख्या सर्वकाळ टिकत नाही; निवडलेल्या आकड्यांपैकी किमान तीन चतुर्थांश तिला पकडतातच. म्हणून वेगवेगळे दहा आकडे यदृच्छेने घेऊन चाचणी केली, तर संयुक्त संख्या निसटण्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही कमी राहते. शंभर टक्के खात्री देणारी आणि तरीही आटोपशीर वेळेत संपणारी पद्धत २००२ मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी शोधली आणि जगाने तिचे कौतुक केले. तरी रोजच्या कामात मिलर-रेबिनच वापरली जाते, कारण ती झटपट होते आणि तिची चूक कुठवर जाऊ शकते हे आधीच माहीत असते.

रिपोर्टमधल्या १७२९

आता ओपीडीकडे वळायला हरकत नाही. ताप चार दिवसांत उतरला नाही, की विडाल चाचणी करण्याची पद्धत महाराष्ट्राच्या गावोगावी रुळली आहे. १८९६ पासूनची ही चाचणी टायफॉईडच्या जंतूंविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे मोजते. ही प्रतिपिंडे पूर्वी कधी झालेल्या संसर्गामुळे, लसीमुळे किंवा जवळच्या जातीच्या इतर जंतूंमुळेही असू शकतात आणि कित्येक महिने टिकतात. त्यामुळे टायफॉईड नसलेल्या माणसाची विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. अडचण पुढे सुरू होते. प्रतिजैविकाचा कोर्स संपतो, अंगात कणकण राहते, पुन्हा विडाल केली जाते आणि ती पुन्हा पॉझिटिव्ह येते. ‘टायफॉईड अजून अंगात आहे’ असे सांगितले जाते आणि दुसरा कोर्स सुरू होतो. काही रुग्णांच्या पिशवीत अशा तीन-तीन, चार-चार विडाल सापडतात. प्रत्येक रिपोर्टने आधीच्या रिपोर्टला दुजोरा दिला, असे घरच्यांना वाटते. प्रत्यक्षात एकच साक्षीदार चार वेळा बोलावलेला असतो. त्या तापामागे क्षय, मलेरिया किंवा आणखी काही असेल, तर ते तेवढे दिवस लपून राहते. वेगळा साक्षीदार म्हणजे रक्ताचे कल्चर. ते जंतू स्वतःच वाढवून पाहते, आणि प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, आजाराच्या पहिल्या आठवड्यात केले तर त्याचा उपयोग सर्वांत जास्त.

व्हीडीआरएल चाचणीचेही तसेच. सिफिलिससाठी केली जाणारी ही चाचणी ज्या प्रतिपिंडांना ओळखते, ती ल्युपससारख्या आजारात, कुष्ठरोगात, मलेरियात, क्वचित गरोदरपणातही आढळतात. ल्युपस असलेल्या स्त्रीची व्हीडीआरएल आज खोटी पॉझिटिव्ह आली, तर सहा महिन्यांनीही येऊ शकते, कारण चूक लॅबच्या हातून झालेली नसते. ती तिच्या रक्ताच्या घडणीत असते. अशा एका कागदावरून संसारात संशय शिरतो. टीपीएचएसारखी, जंतूलाच विशिष्ट अशी दुसरी चाचणी केली की उलगडा होतो. पण ती कोणीतरी लिहून द्यावी लागते.

पुन्हा पुन्हा तीच चाचणी का पुरत नाही, याचा हिशेब सोपा आहे. समजा दहा हजार माणसांत दहा जणांना एखादा आजार आहे आणि चाचणी ९९ टक्के अचूक आहे. दहाही रुग्ण पकडले जातील. पण उरलेल्या ९९९० निरोगी माणसांपैकी एक टक्का, म्हणजे साधारण शंभर जणही पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह ११०, त्यांतले खरे रुग्ण १०. म्हणजे ९९ टक्के अचूक चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या अकरा माणसांपैकी दहा निरोगी. आता त्या ११० जणांची चाचणी पुन्हा केली. पहिल्या चुका केवळ योगायोगाच्या असतील, नमुन्याची अदलाबदल, यंत्रातला बिघाड, तर शंभरातला एखादाच पुन्हा चुकीचा येईल आणि चित्र स्पष्ट होईल. पण चुका त्या माणसांच्या रक्ताच्या गुणधर्मामुळे असतील, तर शंभरच्या शंभर पुन्हा पॉझिटिव्ह येतील आणि चूक मात्र दुप्पट खात्रीने सांगितली जाईल. पहिल्या प्रकारच्या चुका ३४१ सारख्या, दुसऱ्या प्रकारच्या १७२९ सारख्या.

भारतातील एचआयव्ही तपासणीची पद्धत हे ओळखूनच आखलेली आहे. पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली, की लगेच निदान जाहीर होत नाही. वेगळ्या तत्त्वावर किंवा वेगळ्या प्रतिजनावर आधारलेल्या किटने पुढच्या चाचण्या केल्या जातात आणि त्यांचे एकमत झाल्यावरच निकाल दिला जातो, तोही समुपदेशनासह. सरकारी व्यवस्थेत हे गेली अनेक वर्षे शिस्तीने चालते. एचआयव्हीच्या बाबतीत जे जमते, ते तापाच्या बाबतीत जमू नये असे काही नाही.

रामानुजन यांचा केसपेपर

ज्या माणसामुळे १७२९ प्रसिद्ध झाली, त्याच्या आजाराची कथाही याच धड्याला येऊन मिळते. इंग्लंडमध्ये रामानुजन यांच्या आजाराबद्दल जठरातला व्रण, कर्करोग अशा शंका घेतल्या गेल्या. पण मुख्य निदान क्षयाचे राहिले. आरोग्यधामे बदलली, डॉक्टर बदलले. मार्च १९१९ मध्ये ते मुंबई बंदरात उतरले आणि मद्रास प्रांतात परतले, तिथेही उपचार क्षयाचेच झाले. २६ एप्रिल १९२० रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी ते गेले.

डी. ए. बी. यंग यांनी १९९४ मध्ये उपलब्ध पत्रे आणि नोंदी एकत्र करून या आजाराचा पुन्हा विचार केला. त्यांनी शेवटच्या शिक्क्याऐवजी मधले टप्पे वाचले. इंग्लंडला जाण्यापूर्वी रामानुजन यांना आमांश झाला होता. आमांशाचा जंतू आतड्यात वर्षानुवर्षे शांत राहून पुढे यकृतात जाऊ शकतो आणि मग ताप, पोटदुखी, वजन घटणे असे चित्र दिसते, जे वरवर क्षयासारखे वाटते. यंग यांचे अनुमान असे, की हा आजार क्षय नसून यकृताचा अमिबाजन्य आजार असावा. हे अनुमान आहे, सिद्धता नव्हे. शंभर वर्षांनी रक्त तपासता येत नाही. पण एक गोष्ट बोचते. अमिबाजन्य आमांशावर आणि यकृताच्या सुजेवर एमेटिनची इंजेक्शने परिणामकारक ठरतात, हे लिओनार्ड रॉजर्स यांनी कलकत्त्यात १९१२ मध्ये दाखवून दिले होते. क्षयावर मात्र त्या काळी हमखास औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४३ साल उजाडले. म्हणजे ज्याला औषध नव्हते त्या आजाराचा शिक्का बसला, आणि कदाचित ज्याला औषध होते तो आजार विचारलाच गेला नाही.

त्या डॉक्टरांना दोष देणे सोपे आहे. क्षय तेव्हा सर्वत्र होता. ताप आणि वजन घटणे दिसले की क्षय म्हणणे बहुतेक वेळा बरोबरच ठरत असे. फर्माची चाचणीही बहुतेक वेळा बरोबरच ठरते. मोल द्यावे लागते ते उरलेल्या थोड्यांना.

खर्चाचा प्रश्न आणि त्याचे उत्तर

यावर एक आक्षेप रास्त आहे. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एका रुग्णाला तीन-चार मिनिटे मिळतात. कल्चरला दिवस लागतात, पैसे लागतात, ती सोय प्रत्येक तालुक्यात नाही. गंभीर रुग्णाच्या बाबतीत खात्री होईपर्यंत थांबणे हाच गुन्हा ठरू शकतो. क्षयाच्या मेंदूज्वराची दाट शंका असेल, तर पुराव्याची वाट न पाहता उपचार सुरू करावे लागतात आणि ते योग्यच असते.

म्हणूनच मागणी जास्त चाचण्यांची नाही, वेगळ्या चाचणीची आहे. चार विडालच्या पैशांत एक कल्चर अनेक ठिकाणी होऊन जाते. आणि सर्वांत स्वस्त वेगळी चाचणी म्हणजे आजाराचा इतिहास: ताप कधी सुरू झाला, कोणत्या वेळी चढतो, पूर्वी काय झाले होते, कोणती औषधे घेतली आणि कशाने फरक पडला. हे आजाराचे मधले टप्पे आहेत. घाईत वगळले जातात ते हेच.

उलट टोकही तितकेच धोक्याचे आहे. ‘चाचण्या खोट्या असतात’ असे म्हणून उपचार सोडणाऱ्यांसाठी हा लेख नाही. चाचणी-चाचणीत फरक असतो. थुंकीत क्षयाचे जंतू दिसले किंवा सीबीनॅट चाचणीत ते आढळले, तर ती साक्ष भक्कम असते. त्यावर सुरू झालेले औषध स्वतःच्या मनाने बंद करणे जिवावर बेतू शकते. शंका असेल तर डॉक्टरांना विचारावे आणि उत्तर मिळेपर्यंत गोळ्या चालू ठेवाव्यात.

करता येण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली लॅबसाठी: कोणती पद्धत वापरली आणि पॉझिटिव्ह आल्यास खात्रीसाठी पुढची कोणती चाचणी करावी, हे रिपोर्टच्या तळाशी मराठीत छापावे. त्याला खर्च नाही. दुसरी डॉक्टरांसाठी: केसपेपरवर निदान लिहिताना ते ‘शक्यता’ आहे की ‘खात्री’, हा एक शब्द पुढे लिहावा, दुसऱ्या डॉक्टरने तो कागद पाहिला, की कुठे पुन्हा विचार करायचा हे त्याला लगेच कळते. तिसरी रुग्ण आणि घरच्यांसाठी: जुने कागद टाकून देऊ नयेत, तारखेप्रमाणे लावून प्रत्येक वेळी सोबत आणावेत. आणि तीच चाचणी पुन्हा करायला सांगितली गेली, तर अदबीने एवढेच विचारावे, ‘डॉक्टर, याहून वेगळी काही तपासणी आहे का?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगल्या डॉक्टरला तो आवडतो, कारण तो प्रश्न त्याने स्वतःलाही विचारायचा असतो.